व्हेनिसला एकटीनं जावं का? चार रात्री जास्त होतात का?

मांजराकाठची (११ जानेवारी, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी लातूरची. वय ५३, शाळेत भूगोल शिकवते, लग्न केलेलं नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात इटलीला निघाले आहे, एकटीच. आधी रोमला दोन रात्री, मग व्हेनिसला चार. विमानाचं तिकीट काढलंय, व्हिसाची तारीखही मिळाली आहे.

घरात रोज जेवताना या चार रात्रींवरून बोलणं होतं. रोमला कुणाची ना नाही. व्हेनिसचं नाव निघालं की वहिनी म्हणते, "अगं, तिथं जोडीनं जातात. होडीत एकटी बसून काय करणारेस तू?" स्टाफरूममध्येही तेच. एकीनं तर "कुणी भेटणार आहे का तिथं?" असं विचारलं. उत्तर दिलं नाही, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जात नव्हतं.

मला तिथंच का जायचंय ते सांगते. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी होते. त्यांच्या दुकानात व्हेनिसचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. वर्ष सरलं तरी त्यांनी ते भिंतीवरून उतरवलं नव्हतं. घराच्या उंबऱ्याला लागून पाणी, पायरीला बांधलेली होडी. आम्ही तेव्हा आडाचं पाणी शेंदून आणायचो, उन्हाळ्यात पोहरा तळाला खरवडायचा. मला वाटायचं, तिथल्या बायका दारातूनच घागर बुडवत असतील, किती सुख. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती बघायला मी गेले होते. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. परत येताना ते कॅलेंडर आठवलं आणि ठरवलं, हे गाव बघायचंच. तेव्हापासून दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकत आले.

तर सांगा, चार रात्री जास्त होतात का? एकट्या बाईला तिथं जेवायला बसताना, रात्री फिरताना कसं वाटतं? आणि पाण्याचं शहर नीट बघायचं तर काय चुकवू नये?

औंढ्याचा_पाहुणा (११ जानेवारी, रात्री १०.०५)

ताई, जा. वहिनीला सांगा, होडीत बसायला जोडी लागत नाही, तिकीट लागतं.

गोदातीर_नांदेड (११ जानेवारी, रात्री ११.२०)

मी थोडं उलटं बोलणार आहे, राग मानू नका. आम्ही दोघं २०१८ च्या जुलैत गेलो होतो. गर्दी म्हणजे तुळजापूरची नवरात्रातली रांग आठवावी. उन्हाळ्यात ओहोटीला बारक्या कालव्यांना वास येतो. मोठ्या चौकातल्या एका कॉफीच्या दुकानात बसलो, बाहेर वाद्यवृंद वाजत होता. बिल आलं तेव्हा कळलं की त्या वाजवण्याचेही माणशी पैसे लावलेत. बायको आजही तो विषय काढते. माझ्या मते एक रात्र पुरे, उरलेल्या तीन फ्लॉरेन्सला द्या. आणि खरं सांगायचं तर असं शहर कुणाला तरी "हे बघ" म्हणायला सोबत असलं तर गोड लागतं.

खामकाठ (१२ जानेवारी, सकाळी ७.१५)

@गोदातीर_नांदेड, तुम्ही सांगताय ते जुलैमधलं, दुपारी बारा वाजताचं व्हेनिस आहे. ते तसंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण संध्याकाळी दिवसाचे पाहुणे परत गेले की गाव वेगळं होतं. जुन्या बेटांवर कायम राहणारी माणसं आता ५० हजारांच्या खाली आली आहेत. रात्री दहाला एखाद्या बोळात उभं राहिलं तर फक्त पाण्याचा भिंतीवर आपटण्याचा आवाज येतो. त्यासाठी रात्री हव्यात. चार मुळीच जास्त नाहीत.

मी संभाजीनगरची. २०२२ मध्ये एका परिषदेसाठी गेले होते, नंतर तीन दिवस एकटी राहिले. कामाचं सांगते:

रोमहून वेगवान गाडीनं साधारण चार तास. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. व्हेनिसच्या नावाची दोन स्टेशनं लागतात. मेस्त्रे आधी येतं, ते बेटावर नाही, मुख्य जमिनीवर आहे, तिथं उतरू नका. शेवटचं सांता लुचिया. त्या स्टेशनच्या दारातून बाहेर पडलात की चार पायऱ्या आणि समोर ग्रँड कॅनॉल, तिथला मोठा कालवा. रिक्षा नाही, गाडी नाही, काही नाही. मी बॅग खाली ठेवून दहा मिनिटं नुसती उभी होते.

बॅग लहान घ्या. चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या. तिथली सिटी बस म्हणजे वापोरेत्तो नावाची बोट. सुट्टं तिकीट साडेनऊ युरोचं, ७५ मिनिटं चालतं. ७२ तासांचा पास ४५ युरोला मिळतो, चार रात्रींना तोच परवडतो. १ नंबरची बोट अख्ख्या ग्रँड कॅनॉलमधून थांबत थांबत जाते. अंधार पडल्यावर तीत पुढच्या उघड्या बाकावर जागा धरा. एकट्या माणसाला ती जागा पटकन मिळते, जोडप्यांना दोन लागतात.

रस्ता चुकणारच. भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, रिआल्टो, सान मार्को, स्टेशन अशा दिशा दाखवणाऱ्या. त्या बघत राहायचं. रात्री फिरायची भीती मला कुठंच वाटली नाही, पण बोटीच्या गर्दीत पर्स पोटाशी धरा, खिसेकापू आहेत.

जेवणाचं: पहिल्या दिवशी टेबलावर एकटीनं बसायला अवघड वाटलं. दुसऱ्या दिवशी तिथले लोक जातात तशा बाकारो म्हणतात त्या छोट्या दुकानात गेले. काउंटरवर पावाचे तुकडे, त्यावर वेगवेगळं काही ठेवलेलं, उभ्यानं खायचं. सगळेच उभे असतात, कोण एकटं नि कोण दुकटं ते कळतही नाही. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, मासे बरेच असतात.

बालाघाटी (१२ जानेवारी, सकाळी ८.००)

वहिनींना म्हणावं जोडीनंच जायचं असेल तर नळदुर्ग आहे की. किल्ल्यात बोरी नदीवर बांध, बांधाच्या पोटात पाणी महाल, वरून नर आणि मादी असे दोन धबधबे. आदिलशाहीतलं काम. पावसाळ्यात जा म्हणावं.

जालनेकर_लोखंडी (१२ जानेवारी, दुपारी १.१०)

खामकाठ म्हणतात मेस्त्रेला उतरू नका, मी म्हणतो मेस्त्रेलाच राहा. हॉटेल बरंच स्वस्त पडतं. रेल्वेनं दहा-बारा मिनिटांत बेटावर. मास्तरणीच्या पगारात चार रात्री बेटावर कशाला घालवायच्या?

खामकाठ (१२ जानेवारी, दुपारी १.४०)

कारण त्या दहा-बारा मिनिटांपायी माणूस रात्री आठला घड्याळ बघायला लागतो. पैसे वाचतील, रात्र जाईल. ताईंनी इतकी वर्षं साठवलंय ते मेस्त्रेच्या स्टेशनसमोरची बिल्डिंग बघायला नाही. बेटावरच स्टेशनच्या बाजूला, कान्नारेज्जो भागात बघा. तिथं साध्या खोल्या मिळतात आणि बॅग घेऊन फार पूल चढावे लागत नाहीत.

जालनेकर_लोखंडी (१२ जानेवारी, दुपारी २.०५)

बरं बुवा. मी हिशेब सांगितला, तुम्ही मन सांगितलं. ताई ठरवतील.

तेरणेचा_लेक (१२ जानेवारी, रात्री ९.३०)

थोडं अवांतर. इटलीला निघालाच आहात तर एक सांगतो. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये भारतीय हस्तिदंती बाईची मूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती आमच्या तेरला सापडली आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा. ग्रीक दर्यावर्दी ज्याला तगर म्हणायचे ते हेच तेर, पैठणसोबत नाव घेतलंय त्यांनी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातला माल तिकडं पोचत होता. तुम्ही काही नवीन वाटेनं निघालेल्या नाही.

मांजराकाठची (१२ जानेवारी, रात्री १०.१५)

@तेरणेचा_लेक, तेर तासा-दीड तासावर आणि मी मुलांना एकदाही नेलं नाही. या सहलीला नक्की. @खामकाठ, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. कान्नारेज्जोत खोली बघते. @गोदातीर_नांदेड, राग कसला? "हे बघ" म्हणायला कुणी नसेल हे मलाही टोचतंय. पण कुणी सोबत येईल म्हणून थांबले असते तर रोमचंही तिकीट निघालं नसतं.

परभणी_ग्रंथपाल (१३ जानेवारी, दुपारी १२.३०)

व्हेनिस जोडप्यांचं, हे कधीपासून? एलेना कोर्नारो पिस्कोपिया हे नाव शोधा. जन्म व्हेनिसचा, १६४६. लग्न केलं नाही. १६७८ मध्ये पदुआ विद्यापीठाची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट मिळवली. अशी पदवी मिळवणारी जगातली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. रिआल्टोच्या पुलाजवळ ग्रँड कॅनॉलवर तिच्या जन्माचा वाडा आहे, तिथं आता महापालिकेचं कार्यालय आहे. १ नंबरच्या बोटीतून दिसतो. स्टाफरूममध्ये पुन्हा कुणी विचारलं "कोण भेटणार आहे" तर हे नाव सांगा.

औंढ्याचा_पाहुणा (१३ जानेवारी, दुपारी १२.४५)

हे भारी. ताई, वही-पेन घेऊन चाललेली तयारी बघून वाटतंय, प्रवासाचाही लातूर पॅटर्न निघणार.

कयाधूची_पोर (१३ जानेवारी, दुपारी ३.००)

धपाटे न्या. शेंगदाण्याची चटणी न्या. बाकी सगळं तिथं बघता येईल.

खामकाठ (१३ जानेवारी, दुपारी ३.२०)

धपाटे दह्यात भिजवलेले नकोत, पाण्यातले करा. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. चटणी चालेल.

सिंदफणा_पाणी (१४ जानेवारी, रात्री ११.५०)

मी बीडचा. २२ वर्षं पाणलोटाच्या कामात आहे. व्हेनिसला गेलेलो नाही, पण तिथल्या पाण्याबद्दल मिळेल ते वाचलंय, म्हणून हा धागा बघून गप्प बसवेना.

ताई, तुम्ही लिहिलंत की लहानपणी वाटायचं बायका दारातून घागर बुडवत असतील. त्यांना तसं करता येत नव्हतं. ते पाणी खारं. व्हेनिस शंभरावर बेटांवर वसलंय, सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. नदी नाही, झरा नाही, खाली खोदलं तर खारंच लागतं. मग ते शेकडो वर्षं पीत काय होते? पावसाचं पाणी.

त्यांच्याकडे चौकाला काम्पो म्हणतात. चौक खोदून मोठा खड्डा करायचे. त्याला आतून चिकणमातीचा जाड थर द्यायचे, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत शिरत नाही. मधोमध विटांचं कडं थेट तळापासून वर आणायचं आणि भोवती सगळी वाळू भरायची. वर फरशी, पण मध्याकडे नव्हे, भोकं पाडलेल्या चार दगडांकडे उतार दिलेली. छपरांचं नि चौकाचं पाणी त्या दगडांतून खाली जायचं, वाळूतून गाळत गाळत मधल्या कड्यात यायचं. वर विहिरीचं कोरीव तोंड. विहिरीला झाकण, त्याला कुलूप, आणि ते ठरलेल्या वेळी घंटा वाजवून उघडायचे. आपल्याकडे नळाला पाणी सुटायची वेळ असते तसंच. अशा विहिरी काही हजार होत्या. नळाचं पाणी मुख्य जमिनीवरून आलं ते १८८४ मध्ये.

आणि आता तुमच्या रेल्वेकडे येतो. पाऊस कमी पडला की या विहिरी आटायच्या. तेव्हा ब्रेन्टा नदीवरून गोड्या पाण्याच्या होड्या भरून आणायचे आणि ते पाणी चौकातल्या विहिरींत ओतायचे. पाणी आणणाऱ्यांचा तिथं वेगळा संघ होता. कृष्णेचं पाणी वाघिणीतून लातूरला आलं आणि विहिरीत उतरवून घेतलं, तेच हे. फक्त रुळाऐवजी होडी.

म्हणून "काय चुकवू नये" याला माझं उत्तर एकच: प्रत्येक चौकात विहिरीचं तोंड शोधा. आता झाकणं पक्की बसवली आहेत. दगडाच्या काठावर दोरानं पडलेल्या खाचा बघा. आणि जमलं तर ते भोकांचे चार दगड शोधून फोटो पाठवा. हे मी मुलांना शिकवायला वापरीन. आपल्याकडे बीडची खजाना विहीर, संभाजीनगरची नहर-ए-अंबरी, गावोगावच्या बारवा, एवढं असून आपण बोअरच्या मागे लागलो. बोलायला लागलो तर रात्र जाईल, थांबतो.

मांजराकाठची (१५ जानेवारी, सकाळी ६.१०)

हे दोनदा वाचलं. मी २५ वर्षं भूगोल शिकवते आणि मला हे माहीत नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात होतं. फोटो नक्की आणते.

गोदातीर_नांदेड (१५ जानेवारी, सकाळी ९.००)

आम्ही ज्या चौकात बिलावरून वाद घातला त्याच्या शेजारच्या राजवाड्याच्या अंगणात दोन मोठी पितळी भांड्यांसारखी दिसणारी तोंडं होती. शोभेची कुंडी समजून बायकोचा फोटो काढला होता. त्या विहिरी होत्या तर!

सिंदफणा_पाणी (१५ जानेवारी, सकाळी ९.२५)

हो. दोजे म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, त्याच्या राजवाड्यातल्या त्या. काशाच्या आहेत, सोळाव्या शतकातल्या.

जालनेकर_लोखंडी (१७ जानेवारी, रात्री ८.३०)

दोन शंका. एक, मार्चमध्ये तिथं पूर येतो का? टीव्हीवर गुडघाभर पाण्यात लोक बघितले होते. दोन, गावात शिरायला फी लावली म्हणे.

खामकाठ (१७ जानेवारी, रात्री ९.१०)

तुम्ही बघितलं ते २०१९ च्या १२ नोव्हेंबरचं असेल, तेव्हा पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला १९४ होतं, तो उच्चांक. हे मुख्यतः पावसाळी हिवाळ्याचं दुखणं, मार्चअखेर धोका कमी. शिवाय २०२० च्या ऑक्टोबरपासून मोझे नावाची दारं वापरतात. समुद्राकडच्या तीन तोंडांवर तळाशी ७८ पिवळी दारं झोपलेली असतात, मोठी भरती येणार असली की त्यांत हवा भरून उभी करतात. फी दिवसापुरत्या येणाऱ्यांना, तीही एप्रिलपासून जुलैपर्यंतच्या ठरावीक दिवसांना, ५ ते १० युरो. बेटावर मुक्काम करणाऱ्याला ती नाही. ताई मार्चमध्ये जातायत आणि राहणार बेटावर, त्यांना प्रश्नच नाही.

बालाघाटी (१८ जानेवारी, सकाळी ७.४५)

गोंडोल्याचं कुणी बोललंच नाही. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे, होडीचा, माणशी नव्हे. पाच जण बसतात. एकटीनं ९० कशाला? त्रागेत्तो नावाची तशीच होडी ग्रँड कॅनॉल ओलांडायला २ युरोत मिळते. दोन मिनिटं का होईना, बसल्याचं समाधान.

मांजराकाठची (९ एप्रिल, रात्री ८.२०)

परत आले. तब्येत ठणठणीत, चटणी तिसऱ्या दिवशी संपली.

काय काय सांगू. सांता लुचियाच्या पायऱ्यांवर मी दहा नाही, वीस मिनिटं उभी होते. कॅलेंडरातलं चित्र सपाट होतं, इथं पाणी हलत होतं आणि हिरवं होतं, हिरवं असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. भिंतींवर शेवाळाची रेघ, भरती कुठवर येते ते दाखवणारी. खालच्या मजल्यांच्या विटा पार झिजलेल्या. भूगोल शिकवणारीला एवढं पुरतं.

पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र मन बसलं. पुलावर सगळीकडे जोडपी, एकमेकांचे फोटो काढणारी. दोघांनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितला, काढून दिला. तिसऱ्या जोडप्यानं सांगितल्यावर तिथून निघाले. @गोदातीर_नांदेड, तुमचं वाक्य तेव्हा आठवलं. खोलीवर आले, धपाटं खाल्लं आणि लवकर झोपले.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाग आली ती बाहेर पडले. कचऱ्याची बोट, भाजीची बोट, कुणाचं तरी कपाट घेऊन चाललेली बोट. गाव कामाला लागलेलं. रिआल्टोच्या बाजाराशी त्रागेत्तोत बसून पलीकडे गेले, २ युरो. परत आले, २ युरो. पुन्हा गेले. नावाडी तिसऱ्यांदा हसला. परभणी_ग्रंथपाल यांनी सांगितलेला वाडाही बघितला.

मग विहिरी. दिवसभरात ३१ मोजल्या, वहीत नोंद आहे. एका चौकात दोन पोरं विहिरीच्या कठड्यावर चेंडू मारत होती. तिथं काठाला दोरानं पडलेल्या खाचा होत्या, बोट बसेल एवढ्या खोल. मी बोट घातलं. आमच्या आडाच्या दगडाला अशाच खाचा होत्या. आईनं शेंदलेल्या, आजीनं शेंदलेल्या. तिथं कोण कोण शेंदत असतील. मी बराच वेळ तिथंच बसले. मला कुणाची सोबत हवी असं वाटलं नाही, आणि सोबत असती तर एवढा वेळ बसता आलं नसतं.

तिथूनच वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. घरापाशी आलेलं पाणी दाखवलं, पायऱ्या, बांधलेली होडी. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "अगं पण यातलं प्यायचं कुठलं?" मी म्हटलं थांब, आणि फोन विहिरीकडे वळवला. सिंदफणा_पाणी यांचं सगळं तिला तिथं उभं राहून सांगितलं. वाळू, चिकणमाती, ब्रेन्टाच्या होड्या. चाळीस मिनिटं. दादाही येऊन बसला, शेवटी दोघं भांडायला लागले की आपल्या वाड्याच्या छपराचं पाणी का वाया जातं.

चार रात्री कमी पडल्या.

गोदातीर_नांदेड (९ एप्रिल, रात्री ९.००)

"हे बघ" म्हणायला मिळालं की तुम्हाला! मी माझं एका रात्रीचं म्हणणं मागे घेतो.

कयाधूची_पोर (९ एप्रिल, रात्री ९.१५)

मला २६ वर्षं झालीत आणि घरचे हिंगोलीहून पुण्याला एकटी सोडत नाहीत. हा धागा आईला वाचून दाखवणार आहे.

खामकाठ (९ एप्रिल, रात्री ९.४०)

आईंना काही विचारायचं असेल तर इथंच लिही. मी आहे.

सिंदफणा_पाणी (१० एप्रिल, सकाळी ७.०५)

ताई, भोकांचे चार दगड मिळाले का?

मांजराकाठची (१० एप्रिल, दुपारी ४.३०)

मिळाले, फोटो टाकलेत. तीन दगड लगेच दिसले, चौथा सापडेना. तो कॉफीवाल्याच्या टेबलाखाली होता. खुणेनं सांगितलं तर वेटरनं टेबल सरकवून दिलं आणि आपल्या पेल्यातलं पाणी त्यावर ओतून दाखवलं.